दत्ताराम बुडाला त्याची हकिगत

केनवड, ता. रिसोड
मार्गशीर्षातला गुरुवार

तीर्थस्वरूप ललिता अक्कांच्या चरणी वैजयंतीचा डोकं टेकून नमस्कार.

इकडे सगळं खुशाल आहे, असं पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. पत्र वाचून झालं की ती ओळ तुम्ही आपल्या हातानंच खोडून टाकाल. तुमचे गुडघे कसे आहेत? मागं पाठवलेलं करंजाचं तेल लावता की बाटली अजून तशीच फडताळात आहे? दाजींचा खोकला थांबला का? म्हैस व्याली असेल तर वगार झाली की हेला, तेही कळवा. (हेला झाला असेल तर नाही कळवलं तरी चालेल. वाईट बातम्या सध्या घरच्याच पुरेशा आहेत.) आज माझा उपास आहे, दोन्ही वेळची चूल अर्धी आहे, म्हणून लिहायला बसले. फोन केला असता, पण तुमच्याकडे दाजी फोन मोठ्या आवाजावर लावून ओट्यावर ठेवतात आणि अर्धं अनसिंग गाव आमची खुशाली ऐकतं. ही खुशाली तशी ऐकण्यासारखी नाही.

तुमच्या कानावर आलंच असेल की आमच्या घरी दत्ताराम नावाचा कोणी माणूस येऊन राहिला होता, आणि तो आमच्या शेततळ्यात बुडून मेला. शेजारची कमलीबाई परवा बाजारात ऐकून आली की तो बुडाला नाही, आम्हीच ढकलला. अक्का, देवाशपथ सांगते, असा कोणी माणूस नव्हता. असता तर बरं झालं असतं. चार दिवस भाकरी खाऊन, कुरकुर करून आपल्या गावाला निघून गेला असता. दत्ताराम हा माणूसच नव्हे. तो तुमच्या भावाच्या फोनमधला राक्षस होता.

आता हे सगळं मुळापासून सांगितल्याशिवाय समजणार नाही. डॉक्टरांनी ह्यांना साखरेपायी रोज चालायला सांगितलं होतं, हे तुम्हाला माहीत आहे. तुमचे भाऊ वावरात दिवसभर राबतील, पण नुसतं चालायचं म्हणून चालायची त्यांना लाज. म्हणायचे, "हातात काई नाई, डोक्यावर काई नाई, असं कसं चालू? लोक म्हनतीन जगदेवचा बैल हरपला." दिवाळीला शिवम पुण्याहून आला होता. बापलेकांचं तुम्हाला ठाऊकच आहे. पोरगा शेती सोडून कंपनीत गेला आणि तेव्हापासून दोघांत दोनच वाक्यं उरली. हे विचारणार, "जेवला का?" आणि तो म्हणणार, "हो." दिवाळीत समोरासमोर, एकाच पंगतीत बसूनही हे हेच विचारायचे (आणि तो समोर जेवत असायचा). तर त्या पोरानं जायच्या आदल्या दिवशी बापाच्या फोनवर एक खेळ टाकून दिला. म्हणाला, आई, ह्यानं माणूस चालतो. मीही खूश झाले. मूर्ख मी.

खेळ असा आहे. फोनमध्ये आपल्याच गावाचा नकाशा दिसतो. आपण चाललो की त्यात आपला ठिपका चालतो. चालता चालता कुठं कुठं राक्षस बसलेले असतात, त्यांच्यावर जाळं टाकायचं आणि पकडायचे. पकडले की पाळायचे, आणि पाळले की दुसऱ्याच्या राक्षसांशी त्यांची झुंज लावायची. आपल्याकडे कोंबड्यांची लावतात तशीच, फक्त इथं शेवटी रस्सा मिळत नाही. शाळेपाशी उंदरासारखा राक्षस होता, ग्रामपंचायतीत एक घुबड बसलं होतं. (ते दिवसा झोपलेलं असायचं. खेळ बनवणाऱ्यानं चौकशी करून बनवलाय.) आणि एका सकाळी आमच्या वावरातल्या शेततळ्याच्या काठावर ह्यांना तो सापडला. मरळ माशासारखं तोंड, माणसासारखी छाती, पाठीवर कासवाची ढाल, हातात माशाच्या काट्याची तलवार, आणि मिशा अशा की आपल्या दाजींनी लाजावं. पाण्यात राहणारा लढवय्या म्हणे. लाखात एक. त्याचं खरं नाव ड्रॅटोरॅम. ह्यांच्या तोंडात त्याचा दुसऱ्या दिवशी दत्ताराम झाला.

तेव्हापासून, अक्का, ह्या घरात मी दुसरी. दत्ताराम पाण्यातला असल्यामुळे त्याला पाण्याजवळ नेलं तरच त्याची ताकद वाढते. म्हणून हे सकाळी उठून चहाच्या आधी, "दत्तारामले पानी दाखवून येतो," म्हणून तळ्यावर जाणार. आमचा सालदार गडी खेमा ह्या दिवाळीच्या पाडव्यालाच नवा लागलाय, त्याला कितीतरी दिवस वाटत होतं की दत्ताराम हे एखाद्या हेल्याचं नाव आहे. त्यानं गोठ्यात शोधलासुद्धा. मग हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ आली. स्प्रिंकलर फिरता असला की दत्तारामला जोर येतो असा ह्यांना शोध लागला, आणि तुमचे भाऊ त्या कारंज्याखाली छत्री धरून उभे. पाइप दुसऱ्या जागी हलवायचं भानच नाही. एका कोपऱ्यात चिखल झाला, तेवढा हरभरा उबळून पार पिवळा पडला, आणि बाकीचं रान तहानेनं आमच्याकडं पाहत राहिलं. मी बोलले तर म्हणाले, "हरभरा काय, पुढच्या सालीबी येते. असा गडी पुन्हा भेटत नसते."

त्याहून वाईट सांगते. गावातल्या मदनसिंगचे वडील वारले. भला माणूस, नव्वदीचा, सगळं गाव दहाव्याला नदीवर गेलं होतं. पिंड ठेवले, आणि सगळे कावळ्याची वाट पाहत बसले. कावळा येईना. मदनसिंग हात जोडून म्हणत होता, बापू, तुमच्या मनात काय राह्यलं ते सांगा, नातवाचं लग्न करतो, पांदणीच्या वाटेचं भांडण मिटवतो. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. आणि तुमचे भाऊ (नदीवर गेलोच आहोत तर दत्तारामला पाणी दाखवावं म्हणून) बाभळीच्या आड फोन घेऊन उभे. एकदम ओरडले, "आला, आला! टिपला! वा रे पठ्ठ्या!" लोकांना वाटलं कावळा शिवला. भटजींनी हात जोडले, मदनसिंग धाय मोकलून रडला, सगळ्यांनी आंघोळी केल्या आणि गाव घरी आलं. पिंड तसेच. बापू तृप्त झाले म्हणून आता पांदणीचं भांडण मिटणार नाही ते नाहीच, आणि मदनसिंग मला दिसला की "जगदेवभाऊची नजर लय तेज आहे" म्हणून आभार मानतो. मी पदर तोंडाला लावते आणि चालू लागते.

एक मात्र खोटं लिहिणार नाही. साखर उतरली. आणि रोज दिवेलागणीला शिवमचा फोन यायला लागला. बापलेक जोडीनं झुंज खेळायचे, तो पुण्यातून आणि हे ओसरीवरून. काय तो आरडाओरडा! "बाबा, मागून या, मागून!" "थांब ना बे, दत्ताराम ढाल काहाडून राह्यला!" स्वयंपाकघरात मला टीव्हीचा आवाज ऐकू यायचा नाही. मी कितीदा ओरडले असेन की बंद करा तो तमाशा. तेव्हा मला खरंच तमाशा वाटत होता.

आता तुमच्या जिव्हाळ्याच्या गोष्टीवर येते. निकितासाठी रिसोडच्या उकंडरावांच्या मुलाचं स्थळ तुम्हीच सुचवलं होतं. किती चांगलं घर, किती शांत माणसं, तुम्ही सांगितलं होतं त्याहून चांगली निघाली, आणि म्हणूनच जास्त वाईट वाटतं. मुलाचं नाव नवीन, वाशीमला नोकरी. येणार म्हणून मी आठ दिवस घर सारवण्यापासून पडदे धुण्यापर्यंत राबले. पाहुणे येण्याच्या दिवशी सकाळी मी ह्यांच्याकडून फोन काढून घेतला आणि पोह्यांच्या डब्यामागं ठेवला. (पोहे करायला डबा काढला आणि तिथंच चुकलं.) पाहुणे आले. उकंडराव पांढऱ्या टोपीत, नवीनची आई, आणि नवीन स्वतः. उंच, सावळा, हसरा पोरगा. निकितानं पाणी दिलं, नाव सांगितलं, खाली पाहिलं, सगळं रीतीप्रमाणे झालं. मग पुरुषमंडळी म्हणाली, पोहे होईस्तोवर वावर पाहून येऊ. मी तेव्हाच पाहिलं. तुमच्या भावाच्या सदऱ्याचा खिसा चौकोनी दिसत होता.

आम्ही बायका आत. नवीनची आई पोहे खात होती, विचारत होती की पोरीला पुरणाची पोळी येते का. मी म्हणतच होते की सगळं येतं, तेवढ्यात खेमा धावत आला. अंगावर चिखल, धाप लागलेली. दारातूनच ओरडला, "मालकीनबाई, घात झाला! दत्ताराम बुडाला तळ्यात!"

मी म्हटलं, "बुडू दे." (अक्का, माझ्या तोंडून हेच निघालं. मला काय माहीत पुढं काय आहे.)

नवीनच्या आईनं माझ्याकडं असं पाहिलं की काय सांगू. चमचा ताटलीत ठेवला आणि खेमाला विचारलं, "कोन दत्ताराम?"

खेमा म्हणाला, "मले काय मालूम? मालक काठावर लोळून छाती पिटून राह्यले. अन् तुमचा तो नवा पोरगा होता ना, तो काई मले तिथं दिसला नाई."

त्या बाईनं जी किंकाळी फोडली ती आमच्या कौलांनी ऐकली नव्हती कधी. अनवाणी धावत सुटली. तिच्यामागं मी, माझ्यामागं निकिता नव्या साडीत, आणि आमच्यामागं गाव. मदनसिंग दोर घेऊन आला, कोणी खाट आणली. कोणी फोन करून दवाखान्याची गाडी बोलावली. वाटेत जो भेटेल तो विचारी, कोण बुडालं? आणि मागचा पुढच्याला सांगे, नवरदेव.

तुम्ही आमचं तळं पाहिलंय. आत सगळं प्लास्टिक अंथरलेलं, त्यावर शेवाळ. तेल लावलेल्या कढईसारखं. आत गेलेला माणूस आपल्या पायानं वर येत नाही. आम्ही पोचलो तेव्हा तुमचे भाऊ काठावर पालथे पडून, हात पुढं करून रडत होते. लहान पोरासारखे, मोठ्यानं. मी त्यांना असं सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा पाहिलं नव्हतं. उकंडराव टोपी हातात घेऊन उभे. आणि तळ्यात खरंच नवीन होता. गळ्याएवढ्या पाण्यात, त्या उतारावर एक पाय कसाबसा रोवून, घसरतोय, बुडतोय, पुन्हा वर येतोय. एक हात मात्र पाण्याच्या वर, आणि त्या हातात फोन.

काय झालं होतं ते मला मागाहून कळलं. हे उकंडरावांना तळं दाखवत होते, तेवढ्यात दत्तारामला कोणी तरी झुंजीला बोलावलं म्हणे. तुमच्या भावाला राहवलं नाही. पाण्याजवळ धरला तर जोर येईल म्हणून वाकून फोन खाली धरला, तो हातातून निसटला आणि प्लास्टिकवरून सुर्रकन आत. हे ओरडले, "दत्ताराम बुडाला!" आणि स्वतः उडी घ्यायला निघाले. तेव्हा त्या पोरानं ह्यांना कंबरेला धरून मागं ओढलं, खाली बसवलं, आणि आपण उतरला.

लोक नुसते ओरडत होते. दोर टाकला तो अपुरा पडला. खाट टाका म्हणाले, खाट कोणी सोडेना. तेव्हा आमची निकिता, अक्का, जिला तुम्ही म्हणता की आवाज चढत नाही, ती पदर खोचून स्प्रिंकलरच्या पाइपाकडं धावली. लांब पाइप ओढत आणला, उतारावर सोडला आणि ओरडली, "धर! दोन्ही हातांनी धर! तो फोन टाक अन् धर!" त्यानं फोन दातात धरला. आम्ही सगळ्यांनी पाइप ओढला. मी, खेमा, मदनसिंग, नवीनची आई. ती माऊली तर दातओठ खाऊन ओढत होती. पोरगा वर आला, अंगभर शेवाळ, कानात शेवाळ, आणि फोन ह्यांच्या हातात देऊन काठावरच बसला.

निकिता त्याच्यासमोर उभी. रागानं लाल झालेली. म्हणाली, "पोहता येत नाई तर उतरले काहून?"

तो धापा टाकत म्हणाला, "तुमचे बाबा रडून राह्यले होते. मंग मी काय पाहत उभा राहू?"

   तेवढ्यात त्याच्या आई पुढं झाल्या. त्यांचा काय दोष? त्या म्हणाल्या, "पोरगी पाहाले बलावलं होतं का आमच्या पोराले बुडवाले?" आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते उकंडरावांचं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी झटकून डोक्यावर घातली, मुलाच्या खांद्यावर आपलं उपरणं टाकलं, आणि शांतपणे म्हणाले, "जगदेवराव, तळं चांगलं हाये. येतो आमी." तेवढ्यात ती बोलावलेली गाडी भोंगा वाजवत आली. कोणाला न्यायचं म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा खेमानं ह्यांच्या हातातला फोन दाखवला.

पाहुणे गेले. पोहे तसेच. तेव्हापासून उकंडरावांकडून हो नाही आणि नाही नाही. लोक रस्त्यात विचारतात, दत्तारामचा दहावा कधी? मदनसिंग मनापासून विचारतो, बाकीचे हसत. ह्यांनी त्याच दिवशी निकिताच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की पुन्हा त्या खेळाला शिवणार नाही. फोन तांदळाच्या डब्यात ठेवला होता, तो काही जागा झाला नाही. मी म्हटलं, चला, एकदाचा गेला. मी तर नारळसुद्धा आणला होता फोडायला.

पण अक्का, दत्ताराम जाऊन घर सुधारेल असं वाटलं होतं, ते काही झालं नाही. हे चालायला जात नाहीत. वावरात जातात, बांधावर बसतात आणि परत येतात. भाकर मोडतात आणि तशीच ठेवतात. साखर पुन्हा चढली असेल, मी तपासायला नेत नाही, मला भीती वाटते. आणि चार दिवसांमागं शिवमचा फोन माझ्या फोनवर आला. त्याला सगळं कळलं होतं. म्हणाला, आई, बाबांना दे. मी दिला. ह्यांनी कानाला लावला.  मला वाटलं फोन कटला. मग हे म्हणाले, "जेवला का?" तिकडून "हो" आलं असेल. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि गोठ्यात निघून गेले. तिथं काही काम नव्हतं. म्हशीची धार मघाच काढून झाली होती.

मी भाजी चिरत होते, तशीच बसून राहिले. मग कळलं की मी इतके दिवस कशावर ओरडत होते. मी तमाशा म्हणत होते ते ह्या दोघांचं बोलणं होतं. शेतीवर बोलले की भांडण, नोकरीवर बोलले की भांडण, त्या मिशीवाल्या माशावर मात्र दोघांचं एकमत. आता तोही नाही. घर इतकं शांत झालंय की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते आणि मला ते घड्याळ फोडावंसं वाटतं.

म्हणून तुम्हाला हात जोडून विनंती की एकदा येऊन जा. तुम्ही मोठ्या आहात, हे तुमचं ऐकतात. त्यांचा कान पिळा, वाटल्यास माझाही पिळा. आणि जमलं तर रिसोडला उकंडरावांकडे जाऊन चार शब्द बोला की आमच्यात वेड नाही, हे एवढं एकदाच झालं. स्थळ गेलं तर गेलं, पण पोरीच्या नावाला तळ्याचा डाग नको.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. दाजींना सांगा खोकल्यावर अडुळसा घ्या.

तुमची भावजय,
वैजयंती

ता.क. हे पत्र दाजींना दाखवू नका. मिशीचं वाक्य आहे त्यात. आणि वगारीचं नाव अजून ठेवलं नसेल तर दत्ताराम सोडून काहीही ठेवा.

ता.क. दुसरं. वर कान पिळायला या असं लिहिलंय, त्याची घाई नाही. गुडघे बरे झाले की या. खरं काम वेगळंच आहे, ते पत्रात मधे लिहायला लाज वाटली. परवा नवीनचा फोन आला. निकिताला नाही, मला. विचारलं, "काकू, बाबा कसे आहेत?" त्याचे वडील अजून घरात त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलत नाहीत म्हणे, पण हा बोलतो. मी रडले, तर तो म्हणाला, दत्ताराम मेलेला नाही. तो फोनमध्ये नसतोच, कंपनीकडं असतो. दुसऱ्या कोणत्याही फोनवर ह्यांचा नंबर टाकून एका प्रश्नाचं उत्तर दिलं की तो जसाच्या तसा बाहेर येतो, ढालीसकट. निकितानं लगेच माझ्या फोनवर करून पाहिलं. तर प्रश्न काय आला? "लहानपणी तुम्हाला घरी काय म्हणत?" आम्ही जग्गू लिहिलं, नाही म्हणाला. बाळ्या लिहिलं, नाही म्हणाला. आता एकच संधी शिल्लक आहे, ती चुकली तर दत्ताराम खरंच गेला. ह्यांना विचारता येत नाही, शपथ आहे ना. शिवमला माहीत नाही, सासूबाई गेल्या. तुम्ही एकदा संक्रांतीला ते नाव सांगायला तोंड उघडलं होतं, तर तुमच्या भावानं ताटावरून उठून तुमच्या तोंडात अख्खी पोळी कोंबली होती. जगात आता ते नाव तुम्हालाच माहीत आहे. ते कळवा. शपथेचं मी पाहून घेते. त्यांनी त्यांच्या फोनला शिवणार नाही असंच म्हटलं असणार, माझ्या फोनचं नाव घेतल्याचं मला तरी आठवत नाही.

ता.क. तिसरं. नवीन निकितालाही फोन करतो. ती परसात जाऊन बोलते, आणि मला सांगते की खेळाचं विचारत होती. एवढा वेळ खेळाचं? हे उकंडरावांना सध्या सांगू नका. दाजींनाही नको.

ता.क. शेवटचं. पाकीट चिकटवणार तेवढ्यात हे आत आले. म्हणाले, "अक्काले लिहून राह्यली का? लिही, मी मजेत हाये म्हना." आणि दिवेलागण झाली म्हणून ओसरीवर जाऊन बसले, हात मोकळे, रस्त्याकडं पाहत. अक्का, हे मजेत नाहीत. नाव कितीही ओंगळ असू द्या, परतीच्या टपालानं कळवा. मी हसणार नाही.